शुक्रवारी हाऊसफुल्ल, सोमवारचं काय?

वादाला तोंड ऑपरेटरनं फोडलं. त्याचं खरं नाव कट्ट्यावर कुणी घेत नाही. तालुक्यातल्या शेवटच्या चालू थिएटरात पिक्चर लावतो, म्हणून ऑपरेटर. म्हणाला, "आज तीन पोरं खिडकीवर आली. डीमन स्लेअरचा पुढचा भाग आला की इथं लावाल का, म्हणे. मी म्हटलं, कार्टूनला थिएटर कशाला? घरी टीव्ही आहे ना?"

वकिलांचा भाचा कॉलेजात आहे, मोठ्यांच्यात फारसा बोलत नाही. पण 'कार्टून' हा शब्द त्याला झोंबला. "काका, ॲनिमे म्हणतात त्याला, जपानी ॲनिमेशन. मागचा भाग बघायला आम्ही सहा जण पहाटेच्या एसटीनं जिल्ह्याला गेलो होतो. दोघांना तिकीटच मिळालं नाही, ते पुढच्या खेळाला बसले."

"सहा जणांत माझी एक रांगही भरत नाही."

वकिलांनी बाजू घेतली. भाच्याची घेतली की फक्त वादाची, हे त्यांच्या बाबतीत कधीच कळत नाही. "१२ सप्टेंबर २०२५ ला लागला तो आपल्याकडे. भारतात ५० कोटींच्या वर गेला. जपानी सिनेमा, त्यातून मोठ्या मालिकेचा मधलाच तुकडा."

"मुंबई-पुणे-बंगळूरचे पैसे ते. मॉलमधले."

"मग हिंदी, तमिळ, तेलुगूत डब कुणासाठी केला? मॉलमधल्या पोरांना तर म्हणे जपानीच ऐकायचं असतं."

मास्तर इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "वह्या तपासताना मी शेवटचं पान आधी बघतो. पूर्वी तिथं सचिन असायचा, नाहीतर बदामात बाण. आता भलेमोठे डोळे, तलवारी आणि हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा. एका पोरीनं तर चौकडी पट्टीनं आखून रंगवली होती. भूमितीची आकृती तिनं कधी पट्टीनं काढलेली नाही."

पोरं ओळखतात हे सिद्ध झालं, तिकीट काढतील हे कुठं झालं, असं ऑपरेटरचं म्हणणं. आणि इथंच वकिलांनी आपल्याच पक्षकाराला गोत्यात आणलं. त्यांना 'न झा २' आठवला. चीनमध्ये २०२५ च्या जानेवारीत आलेला, जगात दोन अब्ज डॉलरच्या वर कमाई केलेला पहिला ॲनिमेशनपट. एप्रिलमध्ये तो आपल्याकडे हिंदीतही आला. कट्ट्यावर कुणी त्याचं नाव तरी ऐकलं होतं का? भाच्यानं ऐकलं होतं, पण बघितला नव्हता.

"झालं तर," ऑपरेटर म्हणाला. "परदेशी चित्रं म्हटली की गर्दी, असं काही नसतं."

परदेशी म्हणजे नेमकं काय, यावर मग अर्धा तास गेला. मास्तर म्हणाले, दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा, तो जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं काढलेला. शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा, तेव्हा कुणी त्याचा पासपोर्ट मागितला होता का? रामायणावरचा जुना ॲनिमेशनपटही युगो साको या जपानी माणसानं राम मोहन यांना बरोबर घेऊन केलेला. जानेवारी २०२५ मध्ये तो इथं पुन्हा पडद्यावर आला. तो परदेशी धरायचा की आपला? वकील म्हणाले, अर्धा-अर्धा. मास्तरांना हे अजिबात पटलं नाही.

माझ्या मते फरक ओळखीचा आहे. २०१९ च्या 'द लायन किंग'च्या हिंदी अवतारात मुफासा शाहरुखच्या आवाजात बोलला आणि सिंबा त्याच्या मुलाच्या, तिथं ओळख आवाजानं करून दिली. 'महावतार नरसिंह'ची ओळख तर आजीनंच करून दिलेली. म्हणून जुलै २०२५ मध्ये थोड्या खेळांवर सुरू झालेला तो सिनेमा आठवड्या-आठवड्यानं फुगत गेला. जपानी सिनेमांची ओळख टीव्हीनं आणि फोननं करून दिली. ज्या घरांत डोरेमॉन बघून पोरं आईकडे हिंदीत जेवायला मागू लागली, तीच पोरं आता तिकीट काढण्याच्या वयाची झालीत. 'न झा'ची ओळख कुणीच करून दिली नव्हती. (मराठीत डब का करत नाहीत, हा वेगळ्या संध्याकाळचा विषय. त्यावर आमच्यात एकदा अबोला झालेला आहे.)

ऑपरेटरची खरी अडचण मात्र दुसरीच निघाली. त्यानं ती इतक्या सहज सांगितली की आम्ही एवढा वेळ का भांडलो असं झालं. "अरे, मालकानं हो म्हटलं तरी आमच्याकडे येईल का तो? डीमन स्लेअर इथं सोनीनं आणला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंना डीसीआय दर्जाचा प्रोजेक्टर लागतो. २००५ साली त्यांनीच मिळून ठरवलेलं माप आहे ते. आमचा त्याच्या खालचा. आमच्याकडे पिक्चर उपग्रहावरून उतरतो, मशीनमध्ये येऊन पडतो, पण लायसन्स आल्याशिवाय चालू होत नाही. जितक्या खेळांचं लायसन्स, तितकेच खेळ. दहाच्या खेळाला लोक आत बसलेत, पडदा काळा आणि मी फोनवर, असंही झालंय."

भाचा म्हणाला, "मग नवा प्रोजेक्टर घ्या." ऑपरेटरनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

आता माझी गोष्ट. मुलगी नववीत आहे. तिच्या हट्टापायी मीही जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्सात तो सिनेमा बघून आलो. १५५ मिनिटं. मालिकेचे आधीचे चारही सीझन बघितलेत असं गृहीत धरूनच तो सुरू होतो. कोण कुणाला का मारतंय हे सांगायला थांबत नाही. तासभर मी मुलीला विचारत होतो, ती "बाबा, शू" म्हणत होती. मग लढाई ऐन रंगात असताना खलनायकाचं पूर्वायुष्य उलगडलं. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा, आणि त्यापायी जीव देणारा बाप. मनात म्हटलं, आता अलका कुबल येणार. माझे डोळे भरले हे मुलीनं बघितलं आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं.

सिनेमा भिडतो, यात मला शंका नाही. पण तिथवर पोचायला एखाद्या बापाला तासभर आंधळ्यासारखं बसावं लागत असेल, तर तो दुसऱ्या बापाला "तूही जा" म्हणत नाही. मी नाही म्हटलं. ज्यांना बघायचाच आहे ते सगळे शुक्रवार, शनिवार, रविवारी येणार, वेळ पडली तर उभ्यानं बघणार. सोमवारी मॅटिनीला कुणी फिरकणार नाही. आणि आपलं थिएटर शुक्रवार ते गुरुवार चालतं. सात दिवसांचा पडदा अडवून तीन दिवसांचा सिनेमा लावायचा, हा हिशेब मालकाच्या गळी कसा उतरवणार? म्हणून मी म्हटलं, आठवडा नकोच. शनिवार-रविवार सकाळचे दोन-दोन खेळ, हिंदीत, बाकी वेळ नेहमीचा सिनेमा. वितरकानं तेवढ्यासाठी द्यायला हवा.

"देत नाहीत," ऑपरेटर म्हणाला. "द्यायचा तर चारही खेळ द्या म्हणतात."

"विचारलंयस कधी?"

विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं खिशातून जुनं तिकीट काढलं, उलटं केलं आणि मास्तरांचं पेन मागितलं. "आकडा सांगा. मालक आकड्याशिवाय ऐकत नाही. शाळेत किती पोरं आहेत असली?"

मास्तर आठवीपासून वर मोजायला लागले. दहावी 'ब'शी अडखळले. "त्यांची तेव्हा सराव परीक्षा असली तर?"

"परीक्षा असली तरी येतील," भाचा म्हणाला.

मास्तरांनी दहावी गाळली. ऑपरेटरनं ती लिहिली.