हॅना डेव्हिस त्या दिवशी मेली नाही

माझी भाची मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टनला राहते. तिच्या पाचवीतल्या लेकीला गावाच्या इतिहासावर थोडं लिहून न्यायचं होतं. पोरीने आमच्या घरच्या ग्रुपवर फिरणारा एक मराठी फॉरवर्ड आजीकडून वाचून घेतला आणि वहीत उतरवला. त्यात म्हटलंय: कॅप्टन आयझॅक डेव्हिस हा गरीब शेतकरी, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला हुतात्मा. तो पडल्याचं कळताच त्याच्या पतिव्रता पत्नीने प्राण सोडले, चार आजारी लेकरं पोरकी झाली. शेजारच्या काँकॉर्ड गावातला मिनिटमनचा पुतळा म्हणजे हुबेहूब तोच. खाली ‘प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचवा’. मला तो तीन जणींनी पाठवला.

आधी त्या पत्नीचंच बोलते, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. तिचं नाव हॅना. फॉरवर्डमध्ये ते नावसुद्धा नाही. 1775 मध्ये नवरा गेला तेव्हा ती तिशीच्या आत होती आणि त्यानंतर ती 66 वर्षं जगली. 1841 मध्ये वारली तेव्हा पंचाण्णव वर्षांची होती. मधल्या काळात तिने आणखी दोनदा लग्न केलं.

ती त्या दिवशी मेली नाही, हे कुठून कळतं? तिच्याच तोंडून. 1835 साली, एकोणनव्वदाव्या वर्षी तिने त्या दिवसाबद्दल जबानी दिली, तीच हॅना लेटन या नावाने. लेटन हे तिच्या तिसऱ्या नवऱ्याचं आडनाव. ती सांगते की चार मुलं होती, धाकटं सुमारे पंधरा महिन्यांचं, आणि त्या सकाळी सगळीच आजारी होती. काहींना घशाचा आजार होऊन अंगावर पुरळ उठलं होतं. नवरा फारसं बोलला नाही, गंभीर होता, पण कचरला नाही. निघताना एवढंच म्हणाला, “मुलांची नीट काळजी घे.” दुपारी त्याचं प्रेत घरी आलं, ते तिच्या झोपायच्या खोलीत ठेवलं. चेहरा फारसा बदलला नव्हता, हेही तिने साठ वर्षांनी आठवून सांगितलं. त्याच्याबरोबर ॲबनर हॉस्मर आणि जेम्स हेवर्ड या गावातल्या आणखी दोघांचीही प्रेतं त्याच घरी आणली आणि तिघांचा अंत्यविधी तिथूनच झाला.

म्हणजे लेकरं आजारी होती हे खरं, तेवढं मान्य. पण पोरकी? आई होती की! आजारी मुलं पदरात आणि नवऱ्याचं प्रेत घरात, अशा अवस्थेत ती उभी राहिली. तिला मारून टाकून तिची आरती ओवाळायची आणि ती ‘प्रत्येक स्त्रीपर्यंत’ पोहोचवायची? नवऱ्यामागे मरणं हेच बाईचं मोठेपण, ही शिकवण मी दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत राहू देणार नाही. पुन्हा लग्न केल्यामुळे ती कुठेही कमी ठरत नाही.

बाकीचं थोडक्यात. ‘पहिला हुतात्मा’ हे चूक. 19 एप्रिल 1775 च्या पहाटे जवळच्या लेक्सिंग्टन गावात ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी आठ जण मारले गेले होते. डेव्हिस पडला तो त्यानंतर काही तासांनी, काँकॉर्डच्या नॉर्थ ब्रिजवर. लढाईत पडलेला पहिला अधिकारी म्हणा, ते चालेल. तो बंदुका बनवणारा कारागीर होता आणि मिनिटमेनच्या तुकडीचा कप्तान होता. ही माणसं निरोप येताच निघायला तयार असत. आपल्या तुकडीला संगिनी पुरवण्याची व्यवस्था त्याने केली होती आणि घरामागे नेमबाजीचा सरावही चाले. पुलावर ॲक्टनची तुकडी सगळ्यांच्या पुढे राहिली ती या संगिनींमुळेच, असं मानलं जातं. नुसता ‘गरीब शेतकरी’ म्हटलं की ही सगळी तयारी पुसली जाते.

पुतळा डॅनियल चेस्टर फ्रेंचने घडवला, 1875 साली, म्हणजे लढाईनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तो डेव्हिसवर बेतल्याचं सांगतात, पण त्याचं जिवंतपणी काढलेलं चित्रच नाही, मग हुबेहूब कसला? शिवाय पुतळ्याशेजारी नांगर आहे. फॉरवर्डमधला शेतकरी बहुधा तिथूनच आला.

वही सोमवारी द्यायची आहे. भाचीला सांगितलंय, पहिल्या ओळीत हॅनाचं नाव लिहायला लाव आणि ‘प्राण सोडले’ खोडून 1841 लिही. ज्या तिघींनी मला हे पाठवलं, त्यांनी ज्यांना ज्यांना पुढे ढकललंय त्यांना हेही पाठवावं.