नाचणीचे मोदक

भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. सोबत ५० मिलिमीटरची एक लेन्स आणि एक सल्ला : "मामा, ऑटोवर काढायचं नाही हं. चकती 'एम'वर ठेव आणि शिक." 'एम' म्हणजे मॅन्युअल, असं तो म्हणाला. मी त्याला मनस्ताप म्हणतो.

पहिला मनस्ताप अॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत घेणाऱ्या भोकाचा. आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. असा उफराटा कारभार का, तर म्हणे लेन्सच्या ५० ला त्या आकड्याने भागायचं. एफ/२ ला पंचवीस मिलिमीटरचं भोक, एफ/१६ ला जेमतेम तीनचं. गावाकडच्या जमिनीची वाटणी आठवली तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. वाटेकरी जितके जास्त, तितका आपला तुकडा लहान.

मग गणपती आले. संध्याकाळची आरती, समई, माळेचे मिणमिणते दिवे. पहिल्या फोटोत शटर १/१५ वर होतं, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा वेळ उघडं, त्यामुळे टाळ्या वाजवणाऱ्या काकांना चार हात आले. चार हात ज्यांना शोभतात ते मागे मखरात बसलेले. शटर १/१२५ केलं, तर काकाच काय, समईसुद्धा अंधारात गेली. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा त्याचा आकडा, ६४०० वर नेला. आता काकांना हात दोनच, पण तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे. शेवटी लेन्स एफ/१.८ वर सताड उघडली आणि आयएसओ निम्म्याहून खाली आणला. दाणे गेले. बाप्पाची सोंड लख्ख आली, मुकुट मात्र धुक्यात; भोक मोठं केलं की एवढ्याशा अंतरापुरतंच स्पष्ट येतं. एकीकडे ओढावं तर दुसरीकडे उघडं पडतं. आमच्याकडच्या जुन्या पांघरुणाचं हेच चालतं.

पण खरी बेअब्रू मोदकांनी केली. आईचे उकडीचे मोदक, आंबेमोहोराच्या पिठाचे, पांढरेशुभ्र, केळीच्या पानावर. उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा बरोबर शून्यावर आणून मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत आत्याचा प्रश्न : "वहिनी, यंदा नाचणीचे का?"

आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. भाच्याला फोन केला, तर तो हसत सुटला. कॅमेऱ्यातल्या मीटरला मोदक कळत नाही. समोर जे येईल ते सरासरी मधल्या करड्या रंगाचंच असणार, असं तो धरून चालतो. पांढरं दिसलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो काळवंडून टाकतो. काळी म्हैस दाखवली, तर तिला उजळून करडी करेल. म्हणजे पांढऱ्याला पांढरं ठेवायचं, तर काटा आपणच अधिककडे ढकलायचा, एक-दीड स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. इतक्या महागाचं यंत्र, आणि त्याला पांढरं म्हणजे पांढरं हे आपण समजावायचं!

आमचा गणपती पाच दिवसांचा. निघायच्या दिवशी आई पुन्हा एकवीस मोदक करते. मी तयारीत होतो. काटा दीडवर. मोदक पांढरे आले, पण सपाट. डोक्यावर ट्यूबलाइट, त्यामुळे कळ्या दिसेनात. पानावर कापसाचे बोळे ठेवल्यासारखं दिसत होतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारून पाहिला, तर मोदक मेणाचे झाले.

"ताट इकडे आण," आई म्हणाली. तिने ट्यूब बंद केली आणि ताट स्वयंपाकघराच्या खिडकीशी, कट्ट्याच्या कडेला ठेवलं. "तांदूळ निवडायला मी इथंच बसते. उजेड आडवा येतो, खडा लगेच दिसतो."

आणि दिसलं की! प्रत्येक कळीच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला बारीक सावली, टोकाशी आईच्या चिमटीचा वळसा. एफ/४, १/१२५, आयएसओ ४००. मी धावत जाऊन तिला स्क्रीन दाखवली. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून घेतला, आणि तिचा चेहरा पडला.

"तो तिसरा फुटलाय. सारण दिसतंय बघ. हा नाही पाठवायचा."

तिसरा मोदक मागे फिरवला. पान पुसलं. साजूक तुपाची वाटी आत आली, बाहेर गेली, परत आली. "हं, आता काढ," आई म्हणाली.

मी काढला, लगेच पाठवला, आणि मगच नीट पाहिला. मधल्या वेळात समोरच्या वहिनींनी गॅलरीत भगवी चादर वाळत घातली होती, आणि तिच्यावर पडलेलं ऊन उलटून थेट आमच्या कट्ट्यावर येत होतं.

आत्याचं उत्तर आलं : "वा वहिनी! केशर कुठलं वापरलंत?"