हळद दाबली म्हणून धनुर्वात टळत नाही

‘जखमेवर लगेच हळद दाबा, वरून मध किंवा कोरफड लावा. टाके नकोत, धनुर्वाताचं इंजेक्शन नको. हळदीचे गुण अमेरिकेनेही मान्य केलेत!’ हा संदेश पुन्हा फिरतोय, म्हणून लिहितो आहे.

आधी अमेरिकेचं बघू. हळदीने जखम भरण्याचं पेटंट तिथे १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. भारताच्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कारण हा वापर जुनाच, त्यात नवा शोध काही नाही. गुण येतो की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता.

हळद जंतू मारते? हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेत जंतूंना रोखतं, उंदरांच्या जखमाही त्याने लवकर भरलेल्या दिसल्या आहेत. पण पावडरीत ते जेमतेम २ ते ५ टक्के असतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. रक्त थांबतं ते मुख्यतः दाबल्यामुळे. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरलं तरी बहुतेक जखमांचं थांबतं. उलट रक्तात कालवलेली हळद वाळून घट्ट बसते. टाके घालायच्या आधी ती खरवडून धुवावी लागते, आणि तेव्हा माणूस कळवळतो. शिवाय जखमेच्या कडांना आलेली लाली, म्हणजे जंतुसंसर्गाची खूण, त्या पिवळ्या थराखाली दिसतच नाही.

मधाबाबत मात्र संदेशात तथ्य आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात, फार खोल नसलेल्या भाजल्याच्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चारपाच दिवस लवकर भरल्याचं आढळलं. पण जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. साध्या मधात जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपं, असू शकतात. कोरफडीचा पुरावा अजून अपुरा आहे.

सगळ्यात घातक वाक्य इंजेक्शनचं. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. वरचा लेप तिथवर जात नाही, आत राहिलेली माती मात्र झाकून टाकतो. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांनी दिसतात, तोवर जखम वरून भरलेलीही असते. म्हणून जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली नीट धुवा. ती खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि लशीचा शेवटचा डोस ५ वर्षांहून जुना असेल किंवा आठवतच नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.