आभारप्रदर्शनातला बिघाड

आमच्या घरात एक खटला २००७ सालापासून चालू आहे. वादी आई, प्रतिवादी बाबा. त्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं. त्या भाषणात त्यांनी आईचं नाव घेतलं की नाही, हा वादाचा मुद्दा. बाबा म्हणतात, घेतलं, चांगलं ठासून घेतलं. आई म्हणते, "साहेबांचं घेतलंत, शिपायाचं घेतलंत, ऑफिसातल्या पंख्याचंसुद्धा घेतलंत." पुरावा एकच, त्या समारंभाची डीव्हीडी. आई तिला सीडी म्हणते. ती लावून बघायची सोय घरात उरली नव्हती. प्लेअर कधीच मोडीत गेला होता आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला तोंडच नाही.

एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढंच ना? जुन्या कॉम्प्युटरचा मी सर्व्हर केलाय, त्याला ड्राइव्ह आहे. सगळ्या सीड्या त्यावर चढवते, मग टीव्हीवर बघा."

"किती वेळ लागेल?" बाबांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

बाबांचा चेहरा तेव्हा नीट बघायला हवा होता.

पहिली संध्याकाळ तर तबकडी उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्राइव्ह दिसण्यातच गेली. मी ते कंटेनरमध्ये चालवत होते. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरला एका खोलीत कोंडायचं आणि लागेल ती वस्तू खिडकीतून आत द्यायची. लिनक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर विंडोजच्या जागी असलेल्या प्रणालीत, एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, पाळण्यातलं एसआर-झिरो आणि हाक मारायचं एसजी-अमुक. माझ्या सॉफ्टवेअरला दोन्ही हवी होती, मी एकच दिलं होतं. दुसरं दिलं, चाललं. मग हौसेनं एक जादा हार्ड डिस्क जोडली, मशीन रीस्टार्ट केलं आणि काल एसजी-वन असलेला ड्राइव्ह आज एसजी-टू झाला. हे आकडे सापडेल त्या क्रमानं वाटले जातात म्हणे. त्यानंतर परमिशनचं एक लचांड झालं, ते सांगत नाही. सगळ्यांनाच होतं.

चालू झाल्यावर मला शहाणपण सुचलं. मी एक स्क्रिप्ट लिहिली. तबकडी आत गेली की आपोआप रिप (म्हणजे तिच्यावरचं सगळं डिस्कवर उतरवून घेणं) सुरू, संपलं की ट्रे आपोआप बाहेर. माणसानं फक्त तबकड्या बदलायच्या. चाचणीसाठी धाकट्या बहिणीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी घातली, कपाटाचं दार लावलं (सर्व्हर कपाटात असतो, त्याचा आवाज आईला सहन होत नाही) आणि निवांत झोपले.

सकाळी पाहते तर त्या स्नेहसंमेलनाच्या २३ प्रती. तोच नाच, तोच विसरलेला संवाद, जवळजवळ १०० जीबी. मी स्क्रिप्ट वाचली. लॉग, म्हणजे मशीननं स्वतःच लिहिलेली रोजनिशी, वाचला. लॉगमध्ये सगळं बिनचूक होतं: तबकडी मिळाली, रिप झालं, ट्रे उघडला, तबकडी मिळाली, रिप झालं, ट्रे उघडला. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती घातली, मग त्याहून जुनी. ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर, बदलायच्या अगदी बेतात होते, तेवढ्यात नवरा चहाचा कप घेऊन आला आणि म्हणाला, "हे दार नेहमी असंच लावलेलं असतं का?"

ट्रे बाहेर यायचा, दारावर आपटायचा. ट्रेला पुढून धक्का बसला की ड्राइव्हला वाटतं, कुणीतरी बंद करतंय. तो मुकाट्यानं आत जायचा. आत तबकडी आहेच. नवीन तबकडी आली म्हणून स्क्रिप्ट आनंदानं कामाला लागायची. रात्रभर बिचारा दार ठोठावत होता आणि मी लॉगमध्ये भूत शोधत होते.

मग आली मुख्य तबकडी. तिच्यावर बाबांनी बॉलपेननं 'महत्त्वाचे' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आई म्हणते तशी ती खरोखर सीडी असती, तर त्या दोन रेघाच भोवल्या असत्या, कारण सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे, सँडविचसारखा. त्यामुळे बॉलपेनच्या आरोपातून बाबा सुटले.

रिप ८३ टक्क्यांपर्यंत सुरळीत गेलं आणि थांबलं. ड्राइव्ह आधी घुरघुरला, मग दमला, मग पुन्हा जोर करून घुरघुरला आणि लॉगमध्ये ओळ उमटली: सेन्स की तीन, मीडियम एरर. जेवढं उतरलं होतं तेवढं लावून पाहिलं. साहेबांचं भाषण पूर्ण. बाबा खुर्चीतून उठतात, माइकपाशी येतात, घसा खाकरतात, सगळ्यांचे आभार मानू लागतात आणि संपलं.

"राहू दे गं," बाबा मागून म्हणाले. "मशीनला उगाच कशाला त्रास?"

"चालू दे," आई म्हणाली.

सेन्स की म्हणजे ड्राइव्हनं दिलेली कबुली. दोन म्हणजे मी अजून तयार नाही. चार म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. पाच म्हणजे तू भलतंच काहीतरी मागतेस. आणि तीन म्हणजे मी ठीक, तू ठीक, तबकडी खराब. इतकं स्वच्छ उत्तर समोर असताना मी पुढचे चार दिवस केबल बदलली, पॉवर बदलली, पोर्ट बदललं, रिपचा वेग कमी केला, लेन्सवर फुंकर मारली. केबल दोषी निघाली तर बरं असतं, नवी मिळते. २००७ सालचे बाबा नवे मिळत नाहीत.

शेवटी तबकडी दिव्याखाली धरली. चरा एकही नाही. तरी पुसायचं ठरलं, आणि नवरा मऊ फडकं घेऊन ताट पुसावं तसं गोल गोल पुसायला निघाला. मी ओरडले. तबकडी मधून कडेकडे पुसायची असते. माहिती गोल गोल वेटोळ्यात असते. आडवा चरा पडला तर प्रत्येक वेटोळ्यातला कणभरच जातो आणि तेवढं ड्राइव्ह हिशेबानं भरून काढतो. वेटोळ्याच्या दिशेनं लांब चरा पडला की हिशेबच बुडतो. डीव्हीडीत हा हिशेब १६ सेक्टरांच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या कप्प्यांच्या, गठ्ठ्यावर चालतो. नुकसान भरून येण्यापलीकडे गेलं की सगळा गठ्ठा, म्हणजे ३२ केबी, एकदम हातचा जातो.

पण इथे चरा नव्हताच. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती एका रंगाच्या थरात लेसरनं उमटवलेली असते आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं विटतो. वरून तबकडी आरशासारखी लखलखीत, आतून फिकी. हे मी घरात मोठ्यानं बोलून दाखवलं, ही चूक झाली.

"ही सीडी कव्हरातून काढून खिडकीत कुणी ठेवली होती?" आईनं विचारलं.

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं.

मग डीडीरेस्क्यू लावलं. हा मला भेटलेला सर्वात समजूतदार प्रोग्राम. तो खराब जागेशी डोकं आपटत बसत नाही. ती वहीत टिपून पुढे जातो, आधी चांगलं ते सगळं उचलतो, मग उरलेल्या भागाकडे उलट्या बाजूनं येतो, मग बारीक बारीक तुकडे पाडून बघतो. आणि ती वही शाबूत ठेवली, तर उरलेलं काम दुसऱ्या ड्राइव्हकडेही सोपवता येतं. एका ड्राइव्हला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं, चष्म्याचा नंबर वेगळा असावा तसं. मैत्रिणीचा यूएसबी ड्राइव्ह मागून आणला. तीन रात्री दोघांनी आळीपाळीनं काम केलं. बाबा रोज सकाळी सहज आल्यासारखे येऊन विचारायचे, "किती राहिलं?" आकडा कमी झालेला ऐकून त्यांना आनंद होत नसे.

चौथ्या दिवशी ९९.९५ टक्के हाती आले. राहिले ५७ गठ्ठे, दोन एमबीसुद्धा नाही. व्हिडिओच्या हिशेबात जेमतेम तीन सेकंद. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं.

बाबा उठले. घसा खाकरला. साहेबांचे आभार झाले, शिपायाचे झाले, पंख्याचेही झाले (आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं). मग पडद्यावरचे बाबा क्षणभर थांबले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "आणि आता एका व्यक्तीचे आभार मानायचे राहिलेत. ती व्यक्ती म्हणजे..."

पडदाभर हिरवे चौकोन. बाबांचं नाक कपाळावर. आवाज गडप. एक, दोन, तीन. मग टाळ्यांचा कडकडाट.

"ऐकलंत?" बाबा सोफ्यावरून जवळजवळ उभेच राहिले. "'ती' म्हणालो! ती! आता आणखी काय पुरावा हवा?"

"व्यक्ती कुणीही असली तरी तिला 'ती'च म्हणतात," आई म्हणाली. "तुमचे साहेबसुद्धा व्यक्तीच होते."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा चौकोन. बाबांच्या ओठांवरून काही कळतंय का, म्हणून नवरा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला, पण त्या तीन सेकंदांत ओठ तीन वेगवेगळ्या ठिकाणी होते.

"या सीड्या त्या दिवशी सगळ्यांनाच वाटल्या होत्या ना?" आईनं शांतपणे विचारलं.

"अगं, इतक्या वर्षांनी ती माणसं कुठे सापडणार?" बाबा म्हणाले.

आई फोन नंबरांची जुनी डायरी शोधायला आत गेली. मी उठून कपाटाचं दार उघडून ठेवलं.