नाणं घ्यावं तर घासलेलंच

दुर्मीळ नाणं परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्या समस्त नाणेप्रेमींनो, तुमची अडचण आम्हाला कळते. चांगल्या अवस्थेतलं नाणं महाग असतं, आणि महाग नाणं घेतलं की घरी सांगावं लागतं. त्यावर उपाय आहे. तेच नाणं घ्या, पण भोक पडलेलं, कडी जोडायला डाग दिलेलं, आम्लात बुचकळलेलं किंवा कुणीतरी मनोभावे घासलेलं. किंमत धाडकन खाली येते, दुर्मीळपणा मात्र कागदोपत्री तेवढाच राहतो. हा हिशेब इतका सोपा आहे की विकणाऱ्याला तो समजावून सांगावाच लागत नाही. आपणच त्याला सांगतो.

सुरुवात चांदीच्या रुपयापासून करावी. राणीछाप असो की पंचम जॉर्जचा, बंदा रुपया आपल्याकडे घरोघरी लक्ष्मीपूजनाला ताम्हनात बसत आला आहे. पूजेआधी त्याला चिंच लावायची, राखेने नाहीतर रांगोळीने खसाखसा घासायचं, धुऊन पुसायचं आणि मग हळद-कुंकू वाहायचं. साठ-सत्तर दिवाळ्या अशा काढलेला रुपया बाजारात आला की लखलखतो. शेजारी ठेवलेला, कुणी हात न लावलेला, करड्या-जांभळ्या झाकेचा रुपया त्याच्यापुढे कळकट दिसतो. तुम्ही अर्थातच लखलखीत उचला. त्या करड्या झाकेला जाणकार टोनिंग म्हणतात. हवेतल्या गंधकाचा चांदीवर वर्षानुवर्षं होणारा तो परिणाम. तो सावकाश, आपोआप चढलेला असेल तर खालचा पृष्ठभाग सहसा शाबूत असतो, असंही सांगतात. सांगू द्या. पाहुण्यांपुढे आपण काळा पडलेला तांब्या ठेवत नाही, मग नाणं का ठेवावं?

एक पथ्य मात्र पाळा. दुकानात नाणं दिव्याखाली धरून हलकेच कलतं करू नका. टाकसाळीची मूळ चमक शिल्लक असलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा गोल फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही; तिथे केसाएवढ्या बारीक रेघा दिसतात, बहुतेक एकाच दिशेने गेलेल्या, कारण घासणाऱ्याचा हात एकाच दिशेने चालतो. आणि रसायनात बुडवून काढलेलं नाणं पांढरंफटक दिसतं, पण त्याच्या अंगात जीव नसतो. हे एकदा दिसलं की डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग घरीच ठेवा, कपाटात, पावतीशेजारी. पावती मिळाली असेल तर.

१९११ चा रुपया तर घासलेलाच शोधा. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत एक इवलासा हत्ती आहे. सोंड आखूड पडली, शेपूट नको तसं आलं, आणि लोकांना तो डुक्कर वाटला. केवढा गहजब झाला! सरकारने रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ च्या नाण्यावर हत्ती नीट सोंडेसकट काढला. संग्राहक १९११ चा रुपया घेतात ते या प्राण्यासाठी. घासलेल्या रुपयावर हत्तीही नसतो आणि डुक्करही नसतं, नुसता एक गुळगुळीत उंचवटा. इंग्रज सरकारला जो वाद टाकसाळीत ठसा बदलून मिटवावा लागला, तो कुणा गृहिणीने चिंचेच्या बोटुकाने मिटवला. असं नाणं संग्रही हवंच.

आता १९३९. सहाव्या जॉर्जचा या सालचा रुपया म्हणजे आपल्या संग्राहकांचा दुखरा भाग. चांदी सुमारे ९२ टक्के, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. पुढच्याच वर्षीपासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९३९ चे रुपये लोकांच्या हाती फारसे आलेच नाहीत. १९३८ चे मात्र पुष्कळ सापडतात. इंग्रजी आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू खरवडली की त्याचा नऊ होतो, ही गोष्ट देवाने आणि कारागिराने एकाच वेळी लक्षात घेतलेली दिसते. तेव्हा कुणी १९३९ चा रुपया ‘जरा साफ केलेला आहे, म्हणून स्वस्तात देतो’ म्हणाला, तर कृतज्ञतेने मान डोलवा. साफ कुठे केला, असं विचारू नका. बाकी नाणं मळकट आणि फक्त शेवटच्या आकड्याभोवतीची जागा स्वच्छ, हा निव्वळ योगायोग असतो. ओतीव नक्कल असेल तर कडेला पुसटशी सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे सापडतात. पण ‘साफसफाई’ या एका शब्दाखाली तेही सामावतात. घासलेपणाचा खरा उपयोग इथे आहे: खोटेपणा लपवायला त्याच्याइतकं प्रतिष्ठित पांघरूण दुसरं नाही.

माळेतले रुपये घ्यायलाही हरकत नाही. कडी काढलेली असते, डाग घासून सपाट केलेला असतो, आणि राणीच्या मुकुटावरचा तेवढाच तुकडा जास्त तुकतुकीत दिसतो. भोक बुजवलेलं असेल तर फारच उत्तम. फक्त वाजवून बघू नका, बद्द वाजतं.

तांब्याकडे वळू. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीहून मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एकाच नाण्यावर बसलेली क्वचित दिसतात. शिवाय शिवराई पुढे कितीतरी ठिकाणी पडत राहिली आणि खोदणाऱ्याने ऐकलं तसं खोदलं: कुठे शिव, कुठे सिव, कुठे वेलांटी दीर्घ. अभ्यासक या फरकांच्या याद्या करत बसतात. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. झिजलेल्या शिवराईवर छिन्नीची बारीक टोकं चालवून अक्षरं उठावदार केलेली नाणी मिळतात, ती घ्या. त्यांवरचं शुद्धलेखन बहुतेक शाळेतलं असतं. जुन्या काळच्या ठसेकाराची चूक एकविसाव्या शतकात दुरुस्त झाली, याचे थोडे जास्त पैसे पडले तर कुरकुर नको.

आणि हो, कोणतं खराब नाणं अजिबात घेऊ नये, तेही सांगून ठेवतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नाणी क्षत्रप नहपानाची, एका बाजूला त्याचा मुखवटा. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती: तीन कमानींची टेकडी आणि उज्जैनचं चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळं. नाकाच्या जागी टेकडी, गालावर वर्तुळं. एका राजाने दुसऱ्याला कसं हटवलं, ते शिलालेख न वाचता बोटाने चाचपता येतं. पण नाणं म्हणून बघाल तर काय अवस्था! नीट चेहरा नाही, नीट टेकडी नाही. तसंच मोगल रुपयावर सराफाने पारख करताना ठोकलेल्या बारीक खुणांचं. आत शिसं-तांबं तर नाही ना, एवढं त्याला पाहायचं होतं, आणि झिजलेल्या रुपयाला तो बट्टा कापत असे. असली नाणी काळाच्या ओघात, हातोहात फिरून खराब झालेली. त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका. आपल्याला हवंय ते गेल्या आठवड्यात कुणीतरी आपल्यासाठी खास खराब केलेलं.

घरी आणलेल्या नाण्याची पुढची काळजी. तांब्यावरचा गडद, घट्ट बसलेला हिरवा थर म्हणजे नाण्याचं कवच. तो आधी खरवडून टाका. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड दिसली तर मात्र तिला हात लावू नका. क्षारांनी जडलेला तो रोग ओलाव्यावर पोसतो, आणि मुंबई-कोकणात जूनपासून त्याची उत्तम सोय आहे. नाणं इतर नाण्यांच्या शेजारी, मऊ प्लॅस्टिकच्या खिशाच्या अल्बममध्ये ठेवा. काही वर्षांनी प्लॅस्टिकही स्वतःचा हिरवा चिकट थर सोडील. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये नुसतं बुडवून निघतो, घासावं लागत नाही, असं कुणी सांगेल. न घासता? मग रविवारभर करायचं काय?

कधीतरी तुम्हाला नाण्यावर अधिकृत शिक्का हवासा वाटेल. एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकन संस्था नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून सत्तरपैकी अंक देतात. धुतलेल्या नाण्याला त्या अंक देत नाहीत; ‘डिटेल्स’ असं लिहून पुढे काय बिघडलंय ते छापतात. अशी चिठ्ठी असलेली डबी स्वस्तात मिळाली तर घ्या, हातोडीने अलगद फोडा आणि चिठ्ठी कचऱ्यात टाका. रोग चिठ्ठीतच होता. १९११ चं नाणं मुलाच्या बॅगेतून अमेरिकेला पाठवून तपासून घ्यावं असा बेत असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो: शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हा कायदा आमच्या मते संग्राहकाच्या मनःशांतीसाठीच केला असावा.

विकताना थोडी गंमत होते. ‘साहेब, आता असं मिळत नाही’ म्हणून ज्याने नाणं दिलं, तोच ते परत हातात घेऊन भिंग काढतो. त्याचं भिंग कपाटात नसतं, खिशातच असतं. ‘घासलंय हो हे,’ तो हळहळून म्हणतो, जणू पहिल्यांदाच बघतोय. मोबाइलवर ‘रिझर्व्ह बँक जुनी नाणी लाखाला घेते’ असले निरोप येतात, तिकडे वळू नका. आपल्या नावाने हा धंदा चालतो आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, हे बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. त्यापेक्षा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारा, एखादा नवखा गाठा आणि दुर्मीळपणाचा तो सोपा हिशेब त्याला करू द्या.

तेही जमलं नाही तर सराफ आहेच. तो साल बघत नाही, राजा बघत नाही, हत्ती-डुक्कर काही बघत नाही, सरळ काट्यावर ठेवतो. फक्त तोळा पुरा भरला नाही म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका. उरलेली चांदी तुमच्याच मोरीतून गेली आहे.