तीन अधिक दोन

मोबाइलवरचा बुद्धिबळाचा डाव. माझ्याकडे वजीर आणि हत्ती. समोरच्याकडे राजा आणि एक मरतुकडं प्यादं. तरी मी हरलो, कारण माझी वेळ संपली. तेवढं प्यादं मारलं असतं तर डाव बरोबरीत सुटला असता. नुसत्या राजाने मात होत नाही, त्यामुळे आपली वेळ संपली तरी समोरच्याला जिंकू देत नाहीत. पण प्यादं शिल्लक असलं, की त्याचा उद्या वजीर होऊ शकतो!

याचं खापर मी संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमधल्या काकांवर फोडतो. कुर्ल्यापर्यंत पेपरात डोकं घालून बसलेले गृहस्थ, एकदम माझ्या मोबाइलवर वाकले.

"हे काय, तीन अधिक दोन? पाच मिनिटांचा डाव का?"

"नाही काका. तीनच मिनिटं. मग दर चालीला दोन सेकंद वाढतात."

"घड्याळात वेळ वाढते?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

बुद्धिबळाचा एकेकाळचा जगज्जेता बॉबी फिशरने. 1989 साली त्याला या घड्याळाचं अमेरिकेत पेटंटही मिळालं. जिंकत आलेला डाव निव्वळ घड्याळापायी जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू. हे मी काकांना नीट समजावून सांगितलं आणि तेवढ्यात माझं अख्खं मिनिट गेलं.

"म्हणजे रेल्वेने हे कधीच लावलंय. दर स्टेशनाला दोन मिनिटं वाढतात." चौथ्या सीटवर अर्ध्या कुल्ल्यावर तगून असलेला माणूससुद्धा हसला. काकांना चेव आला.

"तो घोडा घ्या."

"घोडा माझाच आहे, काका."

"मग हलवा की! आमच्याकडे घड्याळबिड्याळ नव्हतं. शनिवारी मांडलेला डाव रविवारी आमटी-भात झाल्यावर संपायचा. वाड्यात कुणाला घाई नव्हती."

मला तरी कुठे हौस आहे? नवशिक्याने 15+10 खेळावं, असं जाणते सांगतात. पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद. जागतिक रॅपिड, म्हणजे जलद बुद्धिबळाची स्पर्धाही याच वेळेवर होते. साठ चाली झाल्या तर माणशी पंचवीस मिनिटं, म्हणजे डोंबिवली आली तरी डाव अर्ध्यातच. घरी खेळावं तर वेगळाच ताप. समोरच्याचा वजीर गेला की तो डाव सोडत नाही, नुसता गप्प बसतो. त्याचं घड्याळ शून्यावर येईपर्यंत आपण पडद्याकडे बघत बसायचं. ही कसली खिलाडूवृत्ती? बरं, दहा मिनिटांचा, वाढीव सेकंद नसलेला डाव घ्यावा, तर शेवटच्या मिनिटात बुद्धिबळ संपतं आणि बोटांची कवायत उरते. थोडा विचार करून, निवांत हरायची सोय कुठेच नाही. ऑफिसात नाही, गाडीत नाही, आता खेळातही नाही.

काका ठाण्याला उतरले. उतरताना "पाचच होतात हो!" असं दारातून ओरडले.

घरी येऊन मी मुद्दाम फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा नियम काढला. डाव ब्लिट्झ (अतिजलद) की रॅपिड हे ठरवताना साठ चाली धरतात. साठ चालींचे दोन-दोन सेकंद म्हणजे 120 सेकंद, म्हणजे दोन मिनिटं. त्यात आधीची तीन.

काका पुन्हा भेटले, तरी हे मी त्यांना मेलो तरी सांगणार नाही.