कर्नल बदलला म्हणून राउटिंग बिघडलं? नुसत्या तारखेवरून निदान करू नका

लिनक्सवर राउटर चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘कर्नल अपग्रेड केला की व्हीआरएफ बिघडतं, कारण नवा कर्नल राउटिंगचे नियम गुपचूप बदलतो. जुन्या कर्नलवर परत जा, विषय संपला. ते जमत नसेल तर आरपी-फिल्टर शून्य करा. पिंग चालतंय आणि सर्व्हिस चालत नाही, तर तो व्हीआरएफमधला बग समजा. व्हीआरएफच्या भानगडीत न पडता नेमस्पेस वापरा. आणि राउटरवर एकदा बसलेला कर्नल पुन्हा हलवू नका.’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. व्हीआरएफ म्हणजे एकाच राउटरमध्ये अनेक स्वतंत्र राउटिंग टेबलं ठेवण्याची सोय. आरपी-फिल्टर म्हणजे पॅकेटाचा मूळ पत्ता खोटा तर नाही ना, हे परतीच्या वाटेवरून तपासणारी चाळणी. नेमस्पेस म्हणजे एकाच यंत्रातलं पूर्ण वेगळं नेटवर्क.)

यातली बहुतेक वाक्यं कुणाच्या तरी रात्रभराच्या जागरणातून आली असणार, म्हणूनच ती पटतात. पण एकत्र वाचली की ती माणसाला चुकीच्या दिशेला नेतात, आणि खरा दोष जिथे असतो तिथे कुणी बघतच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नवा कर्नल नियम बदलतो, जुन्यावर परत जा’

अपग्रेडच्या रात्री दोन गोष्टी घडतात. कर्नल बदलतो आणि यंत्र रीबूट होतं. वर्ष-दीड वर्ष अखंड चाललेल्या राउटरसाठी दुसरी गोष्ट जास्त धोक्याची असते, कारण मधल्या काळात कुणीतरी हाताने दिलेल्या आणि कुठल्याही फाइलमध्ये न लिहिलेल्या आज्ञा त्या क्षणी पुसल्या जातात.

व्हीआरएफच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं. व्हीआरएफचं डिव्हाइस कर्नलमध्ये ४.३ या आवृत्तीत, २०१५ साली आलं. ४.८पासून पहिलं व्हीआरएफ तयार होताच कर्नल स्वतःहून १००० या क्रमांकावर एक नियम घालतो: पॅकेट ज्या व्हीआरएफमधलं असेल त्याच्या टेबलात रूट शोध. पण शून्य क्रमांकावर ‘लोकल’ टेबलाचा, म्हणजे राउटरच्या स्वतःच्या पत्त्यांच्या टेबलाचा, नियम आधीपासून बसलेला असतो आणि तो आधी तपासला जातो. तो ३२७६५वर हलवायचा असतो, पण ते काम कर्नल आपणहून करत नाही. तसंच प्रत्येक व्हीआरएफच्या टेबलात अगदी मोठ्या मेट्रिकचा (म्हणजे पसंतीत सगळ्यात शेवटचा), ४२७८१९८२७२चा, ‘इथून पुढे वाट नाही’ असं सांगणारा एक ‘अनरीचेबल’ डीफॉल्ट रूट घालायचा असतो. तो नसेल तर व्हीआरएफच्या टेबलात रूट सापडला नाही की शोध पुढच्या नियमावर सरकतो आणि पॅकेट थेट मुख्य टेबलाच्या डीफॉल्टने बाहेर पडतं.

आमच्या एका राउटरवर नेमकं यातलंच एक घडलं. एका व्हीआरएफमध्ये १०.०.०.१ या पत्त्यावर एक सर्व्हर होता, आणि राउटरच्या स्वतःच्या व्यवस्थापनाच्या इंटरफेसलाही १०.०.०.१ हाच पत्ता होता. वेगवेगळ्या व्हीआरएफमध्ये तोच पत्ता असणं यात गैर काहीच नाही; व्हीआरएफ असतं त्यासाठीच. अपग्रेडनंतर त्या सर्व्हरकडे जाणारी पॅकेटं राउटर स्वतःच गिळू लागला. सगळ्यांनी कर्नलला दोष दिला. मीही दिला. जुन्या कर्नलवर परत गेलो, तरी बिघाड तसाच. तेव्हा कुठे डोळे उघडले. कधीतरी कुणीतरी लोकल टेबलाचा नियम हाताने खाली हलवला होता. शेलच्या हिस्टरीत त्या दोन ओळी सापडल्या. कॉन्फिगमध्ये त्यांचा मागमूस नव्हता.

‘पण आमच्याकडे जुन्या कर्नलवर गेल्यावर सगळं सुरळीत झालं’ असं सांगणारेही भेटतील, आणि ते खरंच सांगत असतात. मात्र तेवढ्यावरून नव्या कर्नलच्या राउटिंग कोडमध्ये दोष आहे असं ठरत नाही. काही डिस्ट्रो (लिनक्सची तयार वितरणं) व्हीआरएफ किंवा एमपीएलएससारखी (लेबलवरून पॅकेटं पाठवण्याची पद्धत) कमी वापरली जाणारी मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलचे सुटे भाग, मूळ कर्नलपासून वेगळ्या पॅकेजात ठेवतात. जुन्या कर्नलसाठी ते पॅकेज कुणीतरी बसवलेलं असतं, नव्यासाठी राहून जातं. मग व्हीआरएफ तयार करायला गेलं की ‘अनोळखी डिव्हाइस प्रकार’ अशी त्रुटी येते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बाहेरून आणून बांधलेला असेल, तर तोही नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधलेला नसू शकतो.

तिसरी शक्यता इंटरफेसच्या नावाची. नव्या कर्नलमधला ड्रायव्हर पोर्टचं नावही कळवू लागला, तर कालचा ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी३एस०एनपी०’ होऊन बसतो. नाव बदललं की तो इंटरफेस व्हीआरएफला जोडणारी ओळ, त्याच्यावरचा पत्ता, फायरवॉलचा नियम, सगळं हवेत लटकतं. मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करणारी एक लहानशी लिंक फाइल लिहून ठेवली की हा प्रश्न कायमचा मिटतो. जुना कर्नल या तिन्ही प्रकारांत ‘बरा’ करतो, पण पुढच्या अपग्रेडला दुखणं पुन्हा तिथेच उभं असतं.

संपूर्ण डिस्ट्रो अपग्रेड केला असेल, तर संशयितांची यादी आणखी वाढते. डेबियन १३मध्ये सिस्टमडी (यंत्र सुरू करून सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) हे ‘ईटीसी’मधली जुनी सिस-सीटीएल डॉट कॉन्फ ही फाइल वाचतच नाही. सिस-सीटीएल म्हणजे कर्नलच्या चालू सेटिंग. वर्षानुवर्षं तिथे लिहिलेलं आयपी-फॉरवर्ड मग लागू होत नाही आणि राउटर पॅकेटं पुढे पाठवायचं थांबवतो. ओळ उचलून सिस-सीटीएल डॉट डी या फोल्डरातल्या फाइलमध्ये टाकली की झालं. डेबियन १०पासून फायरवॉलची जुनी आज्ञा आयपीटेबल्स मुळात नव्या एनएफटेबल्सशी बोलते. जुन्या पद्धतीचे आणि नव्या पद्धतीचे नियम एकाच यंत्रात शेजारी शेजारी राहू शकतात, आणि एका आज्ञेला दुसऱ्याचे नियम दिसत नाहीत. नेटवर्क सांभाळणारा सिस्टमडी-नेटवर्कडी त्याने स्वतः न घातलेले राउटिंगचे नियम आणि रूट मूळ सेटिंगमध्ये परके समजून काढून टाकतो. वर सांगितलेला ३२७६५चा नियम हाताने घातलेला असेल, तर तोही त्यातच जातो. यातल्या एकाही गोष्टीचा कर्नलच्या आवृत्तीशी संबंध नाही.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. कर्नल खरोखर बदलतो आणि कधी कधी खरोखर मोडतो. ३.६मध्ये, २०१२ साली, आयपीव्ही४चा राउट कॅशे (आधी शोधलेले मार्ग लक्षात ठेवणारा साठा) काढून टाकला. त्यानंतर अनेक मार्गांवरची वाटणी प्रवाहागणिक (एका जोडणीची सगळी पॅकेटं एकाच मार्गाने) न होता पॅकेटागणिक होऊ लागली, आणि हॅशवर आधारलेली प्रवाहागणिक वाटणी ४.४मध्ये परत आली. ४.७पासून कॉनट्रॅकचे (जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाचे) मदतनीस आपोआप लागणं मूळ सेटिंगमध्ये बंद झालं आणि नॅटमागचं एफटीपी किंवा सिप अडकू लागलं. २०२१मध्ये तर व्हीआरएफ आणि कॉनट्रॅक यांच्या जोडणीत केलेला एक बदल त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. हे सगळं खरं आहे. पण यातल्या प्रत्येक बदलाची लक्षणं ठरावीक आहेत आणि नोंदही आहे. ‘काहीतरी बदललं असणार’ हे निदान होत नाही.

‘आरपी-फिल्टर सगळीकडे शून्य करा’

हा सल्ला बहुतेक वेळा दिला जातो त्या रूपात चालतही नाही. लोक ‘ऑल’, म्हणजे सगळ्या इंटरफेससाठीच्या सेटिंगखाली शून्य लिहितात आणि काम झालं असं समजतात. कर्नल मात्र ‘ऑल’ आणि त्या इंटरफेसची स्वतःची किंमत, या दोन्हींतली मोठी किंमत धरतो. इंटरफेसवर १ असेल तर ‘ऑल’मधल्या शून्याला काही अर्थ उरत नाही. ‘डीफॉल्ट’खाली लिहिलेली किंमत नंतर तयार होणाऱ्या इंटरफेसनाच लागते.

पॅकेट एका वाटेने येऊन उत्तर दुसऱ्या वाटेने जात असेल, तर त्या ठरावीक इंटरफेसवर २ म्हणजे सैल तपासणी ठेवा. खोटे पत्ते अडवणारं दार सताड उघडं टाकायची गरज नसते. त्याही आधी दोष तिथेच आहे का, ते बघा. कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या एनस्टॅट या आज्ञेत ‘आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर’ नावाचा काउंटर असतो. बिघाड चालू असताना तो वाढत नसेल, तर आरपी-फिल्टर निर्दोष आहे. आणखी सोपी खूण म्हणजे ही सिस-सीटीएल फक्त आयपीव्ही४ला लागते. आयपीव्ही६ही बंद पडलं असेल, तर दुसरीकडे शोधा.

‘पिंग चालतंय, सर्व्हिस नाही, म्हणजे बग’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण इथे व्हीआरएफ नेमकं सांगितलेलं काम करत असतं. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो. एसएसएचसारख्या (दूरून लॉगिन करायच्या) सर्व्हिसला मात्र सॉकेट, म्हणजे जोडण्या ऐकणारं टोक, लागतं, आणि कुठल्याही व्हीआरएफला न बांधलेलं सॉकेट मूळ सेटिंगमध्ये फक्त डीफॉल्ट व्हीआरएफमधली जोडणी स्वीकारतं. व्यवस्थापनाच्या व्हीआरएफमधून आलेल्या विनंतीसाठी ऐकणारं कुणी नाही असं कर्नलला दिसतं आणि तो जोडणी नाकारतो.

यावर दोन मार्ग आहेत. टीसीपी आणि यूडीपीसाठी ‘एलथ्री-एमडेव्ह-अ‍ॅक्सेप्ट’ नावाच्या वेगवेगळ्या सिस-सीटीएल आहेत. त्या १ केल्या की एकच सॉकेट सगळ्या व्हीआरएफमधलं ऐकतं. किंवा ती सर्व्हिस ‘आयपी व्हीआरएफ एक्झेक’ने तिच्या व्हीआरएफमध्येच सुरू करायची. मी दुसरा मार्ग निवडतो. सिस-सीटीएल १ केली की ती सर्व्हिस ग्राहकांच्या व्हीआरएफमधूनही पोहोचण्याजोगी होते, आणि फायरवॉल लिहिताना हे सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. अपग्रेडनंतरच ही तक्रार का येते? कारण ती सिस-सीटीएल कुणीतरी चालू यंत्रावर हाताने १ केलेली असते, आणि रीबूटनंतर ती शून्यावर येते.

‘नेमस्पेस वापरा’

नेमस्पेस सगळंच वेगळं करतं: इंटरफेस, सॉकेट, फायरवॉल, सिस-सीटीएल. व्हीआरएफ फक्त तिसरा स्तर, म्हणजे आयपी पत्ते आणि राउटिंग, वेगळा करतं, त्यामुळे एलएलडीपीसारखी (शेजारची यंत्रं ओळखणारी) खालच्या स्तरावरची सर्व्हिस एकदाच चालवून पुरते. कामाला जे बसेल ते घ्या. पण न लिहिलेली आज्ञा, न बसवलेलं मॉड्यूल आणि बदललेलं नाव नेमस्पेसमध्येही तितकाच त्रास देतात.

‘कर्नल हलवूच नका’

राउटर हे जाळ्यावर सगळ्यात उघडं पडलेलं यंत्र असतं. त्याचा कर्नल गोठवणं म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या नाकारणं. पहाटे दोन वाजता वाहतूक बंद असताना जुन्या कर्नलवर जाणं मला मान्य आहे; मी स्वतः तेच करेन. मात्र सकाळी उठल्यावर काम सुरू व्हायला हवं.

अपग्रेडच्या एक-दोन दिवस आधी आहे तोच कर्नल ठेवून यंत्र एकदा रीबूट करा. त्यात काही बिघडलं, तर नवा कर्नल निर्दोष सुटला आणि दोष तुमच्या कॉन्फिगमध्ये सापडला. रीबूटच्या आधी आणि नंतर राउटिंगचे नियम, सगळ्या टेबलांतले रूट, लिंकची सविस्तर यादी, सिस-सीटीएलच्या किंमती, फायरवॉलचे नियम आणि लोड झालेली मॉड्यूल्स फाइलमध्ये उतरवून डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या आज्ञेने) जुळवा. हेच पुन्हा अपग्रेडनंतर. ‘आयपी रूट गेट’ला येणारा इंटरफेस आणि मूळ पत्ता दिला, तर कर्नल त्या पॅकेटासाठी कुठला रूट निवडतो ते तो स्वतःच सांगतो. ५.१७पासून टाकून दिलेल्या पॅकेटाचं कारणही ट्रेसपॉइंटमधून (कर्नलमध्ये काय चाललंय ते बघायच्या खिडकीतून) मिळतं.

दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या, मॉड्यूल्स आणि नावं तीच आहेत, आणि तरीही नव्या कर्नलवर पॅकेट चुकीच्या वाटेने जातंय, तर तुमच्या हाती खरा रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं नव्या आवृत्तीत मोडल्याचा पुरावा, लागला आहे. तो कर्नलच्या पॅकेजला होल्ड लावून, म्हणजे ते गोठवून, दडपू नका. वापरणाऱ्याचं चालतं काम मोडायचं नाही, हा नियम लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स अतिशय कडकपणे पाळायला लावतात, म्हणून अशा तक्रारीला तिथे वजन असतं. शेवटचा चांगला कर्नल कुठला, पहिला बिघडलेला कुठला आणि दोन नेमस्पेस वापरून कुठल्याही यंत्रावर बिघाड पुन्हा घडवणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट, एवढं पाठवा. जमलं तर गिट बायसेक्टने (दर फेरीला निम्मे पॅच वगळत जाणाऱ्या आज्ञेने) नेमका पॅचही शोधा. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजार पॅच असले तरी साधारण चौदा फेऱ्यांत तो सापडतो.